स्क्रीनवर अठरा हजार, बिनमध्ये शून्य : ईआरपी बसवून घेतल्याचा चौदा महिन्यांचा अनुभव

ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन, हिशोब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं ठरलं तेव्हा मी नेटवर अभिप्राय शोधत बसले होते. सापडले ते दोनच प्रकारचे. आयटीवाल्यांचे, ज्यात सर्व्हर आणि डेटाबेसची चर्चा. आणि मालक मंडळींचे, ज्यात 'आता सगळं एका क्लिकवर दिसतं' एवढंच. गेटवर ट्रक उभा आहे, ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि स्क्रीनवर नुसतं गोल फिरतंय, अशा माणसाने लिहिलेला अभिप्राय एकही नव्हता. म्हणून हा लिहितेय.

मी पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर्स आणि परचेस सांभाळते. आयटम साधारण अकरा हजार, स्टोअर्समध्ये माणसं सात. पॅकेजचं आणि ते बसवून देणाऱ्या कंपनीचं नाव देत नाही, कारण निम्म्या चुका आमच्याच होत्या. त्याच काळात मी नोकरी करत मॅनेजमेंटची पदवी घेत होते आणि प्रोजेक्टला मॅडमनी विषय दिला तोही हाच : पुरवठा साखळी आणि ईआरपीची अंमलबजावणी. त्यामुळे दिवसा स्टोअर्समध्ये जो गोंधळ व्हायचा तो रात्री कुणाच्या तरी वीस-पंचवीस वर्षं जुन्या शोधनिबंधात छापलेला सापडायचा. सांगते, फार चिडचिड होते.

आधी सॉफ्टवेअरबद्दल, कारण तिथे तक्रार कमी आहे. जीआरएनचा, म्हणजे आलेला माल नोंदवायचा, स्क्रीन नीट आहे. परचेस ऑर्डर उघडली की बाकी क्वांटिटी आपोआप येते, जास्त माल घेऊ देत नाही, चलन नंबर दोनदा टाकला की अडवतो. बॅच ट्रेसिंगवर तर मी खूश आहे. एका ग्राहकाकडून मेकॅनिकल सील गळत असल्याची तक्रार आली. ते सील कोणत्या लॉटमधले, तो लॉट अजून कुठे-कुठे गेला, हे दहा मिनिटांत हातात आलं. पूर्वी यासाठी दोन माणसं दोन दिवस फायली उपसत बसायची. परचेस ऑर्डरची मंजुरी मोबाइलवर होते, त्यामुळे साहेब टूरवर आहेत म्हणून माल अडला, हे बंद झालं.

सर्च मात्र भिकार. 'ओ रिंग', 'ओ-रिंग' आणि 'ओरिंग' असं तिन्ही टाकून बघावं लागतं. मग आमच्याकडे एकाच रिंगचे तीन कोड झाले यात नवल काय? ज्याला पहिला सापडला नाही त्याने दुसरा उघडला.

आता बसवून देणाऱ्या कंपनीकडे येते. खरा अभिप्राय तिच्यावरच आहे.

पहिल्या मीटिंगला सहाजण आले होते, सगळे कडक इस्त्रीत. त्यांनी दाखवलेल्या डेमोमध्ये एक काल्पनिक सायकल कंपनी होती : दोन चाकं, एक हँडल, एक सीट. सगळा माल नगात, सगळा वेळेवर, रिजेक्शन शून्य. आमचे स्टोअरकीपर काका तीस वर्षं हेच काम करत आलेत. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मॅडम, ह्या कारखान्यात मला नोकरी मिळेल का?"

कामाचं वेळापत्रक सहा महिन्यांचं होतं. करार लांबला, सुरुवात उशिरा झाली, पण गो-लाइव्हची, म्हणजे सिस्टिम प्रत्यक्ष चालू करायची, तारीख हलली नाही. नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशीच चालू करायचं हा वरून आलेला हट्ट होता. सहाचे चार महिने झाले. बसवून देणाऱ्या कंपनीने लेखी विरोध एकदाही केला नाही, आणि माझा पहिला राग त्याचाच आहे. ते रोज हेच काम करतात. घाई केली की काय होतं हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं.

या घाईचं शिकवलं जाणारं उदाहरण म्हणजे हर्शी ही अमेरिकेतली चॉकलेट कंपनी. तिने एसएपीचं आर/3 हे ईआरपी आणि जोडीला सीबेल व मॅन्युजिस्टिक्स यांची सॉफ्टवेअर असं सगळं एकदम अंगावर घेतलं. खर्च 11 कोटी 20 लाख डॉलर. 48 महिन्यांचं काम 30 महिन्यांत कोंबलं आणि चालू केलं ते जुलै 1999 मध्ये, म्हणजे हॅलोविनच्या सणाच्या ऑर्डरी येऊ लागतात नेमक्या त्याच वेळी. माल गोदामांत पडून, आणि दुकानांच्या सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या होईनात. त्या तिमाहीचा नफा 19 टक्क्यांनी घसरला. हे सगळीकडे सांगितलं जातं. त्यातला एक बारकावा मात्र मला उशिरा वाचायला मिळाला आणि तिथे मी थबकले. सीझनमध्ये माल वाढला की हर्शीची माणसं तो मिळेल त्या मोकळ्या जागेत ठेवायची. त्या जागा नव्या सिस्टिममध्ये गोदाम म्हणून नोंदवलेल्याच नव्हत्या. म्हणजे माल होता, फक्त कॉम्प्युटरला ठाऊक नव्हता.

आमच्याकडे जिन्याखाली एक जागा आहे. तिला नाव नाही, बिनचा म्हणजे खणाचा नंबर नाही. घाईत आलेले कास्टिंग (ओतीव भाग) तिथे टाकतात, 'नंतर लावू' म्हणून. शिवाय प्रत्येक फोरमनच्या कपाटात त्याचा खासगी साठा असतो, बेअरिंगं, सर्क्लिप, चांगले ड्रिल बिट. लोकेशन मास्टर, म्हणजे साठवणीच्या जागांची यादी, भरताना सल्लागार पोराने मला विचारलं, "मॅडम, स्टोरेज लोकेशन किती?" मी म्हटलं चार. त्याने चार लिहिले. तो उठून एकदा कारखान्यात चक्कर मारून आला असता तर त्याला अकरा दिसले असते. आणि मी तरी चार का म्हटलं? कारण कागदावर चारच होते.

डेटा मायग्रेशन, म्हणजे जुनी माहिती नव्या सिस्टिममध्ये भरणं. इथे थोडं थांबते, कारण सगळ्या दुखण्यांचं मूळ इथे आहे.

त्यांनी एक एक्सेल दिलं, सत्तावन्न कॉलमचं, आणि सांगितलं, 'डेटा ही क्लायंटची जबाबदारी.' करारातही तसंच आहे, त्यामुळे भांडायला जागा नाही. अकरा हजार आयटम, तीन आठवडे, रोजचं काम सांभाळून. आम्ही दोन शिकाऊ मुलांना बसवलं. त्यांनी प्रामाणिकपणे भरलं, पण त्यांना बोल्ट आणि स्टडमधला फरक कुणी सांगितला होता?

गो-लाइव्हनंतर दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. एम-10चा एक बोल्ट आहे, वजन साधारण 25 ग्रॅम. आम्ही तो किलोवर विकत घेतो आणि असेंब्लीला नगावर इश्यू करतो (देतो). म्हणजे एका किलोत 40 नग. मास्टरमध्ये, म्हणजे आयटमच्या मूळ नोंदीत, कुणाचं तरी बोट एक शून्य जास्त दाबून गेलं : 400. पन्नास किलो माल आला. बिनमध्ये दोन हजार बोल्ट, सिस्टिममध्ये वीस हजार. असेंब्लीने दोन हजार वापरले आणि लाइन थांबली. काका रिकामा बिन उलटा करून दाखवत होते आणि माझ्या स्क्रीनवर अठरा हजार नग दिसत होते, हिरव्या रंगात. एमआरपी, म्हणजे काय किती मागवायचं हे काढणारा हिशोब, रोज रात्री चालत होता आणि रोज सांगत होता की या बोल्टची खरेदी करायची गरज नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला जे सांगितलं होतं त्यावर त्याचा हिशोब बिनचूक होता.

एका पैशाच्या किमतीचा नसलेल्या बोल्टपायी तयार पंपांचे सांगाडे दीड दिवस रांगेत उभे राहिले. साहेबांनी मला विचारलं, "सिस्टिममध्ये अठरा हजार दिसतायत, मग तुम्ही माल लपवलाय का?" हा प्रश्न मी अजून विसरलेले नाही.

त्या रात्री मी निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन यांचा 2008 सालचा निबंध वाचला. एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीच्या 37 दुकानांतल्या जवळपास 3 लाख 70 हजार साठा नोंदी त्यांनी प्रत्यक्ष मालाशी ताडून पाहिल्या. 65 टक्के नोंदी चुकीच्या निघाल्या. कॉम्प्युटर असलेली, बारकोड असलेली, नावाजलेली कंपनी! वाचून मला आधी हायसं वाटलं आणि मग घाम फुटला. दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन वाटेल ते दोनशे आयटम निवडले आणि मोजले. जुळले त्र्याऐंशी.

बसवून देणाऱ्या कंपनीला मी फोन करून विचारलं की सायकल काउंटचं मॉड्यूल तुम्ही चालू का केलं नाही? उत्तर आलं, 'ते फेज टूमध्ये आहे.' रोज थोडे-थोडे आयटम मोजून नोंद दुरुस्त करायची, एवढंच ते काम. ते फेज टूमध्ये, आणि संचालकांच्या मोबाइलवरचा रंगीत डॅशबोर्ड फेज वनमध्ये. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्यांना माझ्याकडून ऐकून घ्यावं लागलं.

ट्रेनिंगबद्दल एकच चांगलं सांगता येईल, पण ते खरोखर चांगलं होतं. दोन दिवस सगळ्या खात्यांना एकाच खोलीत कोंबून प्रोजेक्टरवर स्क्रीन दाखवले, ते वाया गेले. मात्र त्यांच्या टीममधली एक तरुण मुलगी होती. तिने दुसऱ्या दिवशी दुपारी, लोक पेंगत असताना, प्रोजेक्टर बंद केला आणि आम्हाला बीअर गेम खेळायला लावला. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात तयार झालेला हा खेळ. किरकोळ दुकानदार, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशी चार माणसं, एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरच्या चिठ्ठ्या पुढे सरकवायच्या, आणि माल पोचायला काही आठवडे लागतात. आमचे मार्केटिंगचे साहेब कारखान्याच्या जागी बसले होते. दहाव्या-बाराव्या फेरीला त्यांच्याकडे प्रचंड ऑर्डरी आल्या, त्यांनी उत्पादन वाढवलं, आणि मग ऑर्डरी एकदम शून्य. ते वैतागून म्हणाले, "हा ग्राहक वेडा आहे का?" मुलीने ग्राहकाच्या चिठ्ठ्या उलटून दाखवल्या. पहिले चार आठवडे चार, पाचव्या आठवड्यापासून आठ, आणि शेवटपर्यंत आठच. ग्राहक एकदाच बदलला होता. बाकीचं वादळ आमचं आम्ही उठवलेलं. साहेब बराच वेळ त्या चिठ्ठ्या हातात घेऊन बसले होते.

जॉन स्टरमन यांनी याच खेळाच्या नोंदी तपासून 1989 मध्ये दाखवलं की लोक समोरचा साठा बघतात, पण आधीच ऑर्डर केलेला आणि वाटेत असलेला माल विसरतात. आमच्या परचेस खात्यात हे रोज घडायचं. त्या मुलीला पाच तारे. पुढच्या महिन्यात तिला दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवलं.

मग आमची स्वतःची वादळं सुरू झाली. बोल्ट प्रकरणानंतर स्क्रीनवर कुणाचा विश्वास राहिला नाही. माल कमी पडला की स्टोअर्स आहे तेवढा वाटून देतं हे शॉपवाल्यांना, म्हणजे उत्पादनाच्या माणसांना, कळलं, मग ज्याला पन्नास लागायचे तो शंभर मागू लागला. हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी 1997 मध्ये पुरवठा साखळीत मागे-मागे जाताना मागणी का फुगत जाते याची चार कारणं मांडली होती : प्रत्येकाने मागणीचा स्वतःचा अंदाज बांधणं, ऑर्डरी साठवून एकदम टाकणं, किमतीतली चढ-उतार, आणि टंचाईच्या भीतीने जास्त मागणं. चौथं कारण आमच्या इश्यू खिडकीवर सकाळी नऊ वाजता रांगेत उभं असायचं.

आणि मी काही वेगळी नाही. कास्टिंगचा खरा लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ, अठरा दिवस. मी सिस्टिममध्ये तीस टाकला. का, तर ओरडा नको. सॉफ्टवेअरने निमूटपणे मानलं आणि सगळी कास्टिंगं बारा दिवस आधी मागवू लागलं. चार महिन्यांनी जिन्याखालची जागा पुरेनाशी झाली तेव्हा माझं पाप माझ्यासमोर ढिगाने पडलं होतं. सल्लागारांपैकी कुणीतरी 'हा तीस कुठून आला' एवढं तरी विचारायला हवं होतं. त्यांच्या यादीत 'लीड टाइम भरला' यापुढे बरोबरची खूण होती. भरलेला आकडा खरा आहे का, असा कॉलम त्या यादीत नव्हता.

जॉबवर्कवरून तर रीतसर भांडण झालं. आम्ही कास्टिंग बाहेर मशिनिंगला पाठवतो. शंभर गेले तर परत येतात ते साठ, मग पंचवीस, त्यातले आठ रिजेक्ट, त्यांतले पाच त्याच्याच चुकीने आणि तीन कास्टिंगमधल्या ब्लो होलमुळे (ओतताना आत राहिलेल्या पोकळीमुळे), म्हणजे आमच्या फाउंड्रीवाल्याच्या खात्यावर. कधी दोन चलनांचा माल एकाच टेम्पोत. पॅकेजला यातलं काही मान्य नाही : एक चलन, एक पावती, विषय संपला. सल्लागाराचं उत्तर ठरलेलं, "मॅडम, सिस्टिममध्ये आहे ती बेस्ट प्रॅक्टिस आहे, तुम्ही प्रोसेस बदला." मी म्हटलं, अरे, ब्लो होलला सांग ना बेस्ट प्रॅक्टिस.

थॉमस डेव्हनपोर्ट यांनी 1998 मध्येच लिहून ठेवलंय की असं सॉफ्टवेअर स्वतःचा तर्क कंपनीवर लादतं. सिंगापूरच्या सरकारी रुग्णालयांवर क्रिस्टिना सो आणि सहकाऱ्यांचा 2000 सालचा अभ्यास आहे, त्यात तर रुग्णाच्या नावापासून अडचण. पॅकेजला पाश्चात्त्य पद्धतीचं नाव-आडनाव हवं, आणि तिथल्या चिनी, मलय, भारतीय नावांची घडणच वेगळी. अशा वेळी तीन वाटा असतात : कंपनीने बदलावं, पॅकेज बदलावं, किंवा बाजूला पळवाट काढावी. आम्ही तिसरी काढली. काकांची लाल पुठ्ठ्याची वही. चौदा महिन्यांनंतरही जॉबवर्कचा खरा हिशोब त्या वहीतच आहे, आणि ऑडिटरसुद्धा आधी तीच मागतो.

हेल्पडेस्कवर जास्त शब्द खर्च करत नाही. तिकीट टाकलं की दोन मिनिटांत आपोआप आभाराचा मेल, दोन दिवसांनी 'ब्राउझरची कॅशे क्लिअर करून पाहा', आणि आठवड्याने तिकीट बंद. अकाउंट्सच्या तिकिटांना मात्र त्याच दिवशी फोन येतो.

वाचलेल्या संशोधनाबद्दलही एक तक्रार नोंदवून ठेवते, प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत बोलून दाखवलीच होती. 'यशाचे महत्त्वाचे घटक' अशा याद्यांचे निबंध ढिगाने आहेत आणि बहुतेकांत वरिष्ठांचा पाठिंबा अगदी वरच्या क्रमांकांत. आमच्या वरिष्ठांचा पाठिंबा भरपूर होता. तारीख त्यांनीच पक्की केली होती. मी वाचलेल्या पाहण्यांमध्ये प्रश्नावली भरणारे बहुतेक आयटी प्रमुख नाहीतर प्रोजेक्ट मॅनेजर. खिडकीवर बसणाऱ्याला कुणी विचारलेलं मला तरी फारसं सापडलं नाही. लिन मार्कस आणि कॉर्नेलिस टॅनिस यांची 2000 सालची मांडणी मात्र मला उपयोगी पडली : चालू केल्यानंतर सगळं रुळावर येईपर्यंतचा एक स्वतंत्र, खडतर टप्पा असतो आणि त्यात दिसणाऱ्या बऱ्याच दुखण्यांची बीजं आधीच्या टप्प्यांत पेरलेली असतात. आमच्या करारात गो-लाइव्हनंतरचा हा टप्पा फक्त पंधरा दिवसांचा होता. आम्हाला आठ महिने लागले. उरलेल्या साडेसात महिन्यांचं बिल वेगळं आलं.

तर तारे द्यायचे झाले तर सॉफ्टवेअरला चार, एक सर्चसाठी कापला. बसवून देणाऱ्या कंपनीला दोन, त्यातला एक त्या मुलीचा. आम्हाला स्वतःला अडीच द्यावेत असं काकांचं मत आहे, मी त्यांना दोनवर आणू पाहतेय.

घेणार असाल तर माझं ऐका, डेमोसाठी त्यांना तुमचा सर्वांत वाकडा आयटम द्या. किलोत येणारा, नगात जाणारा, अर्धा बाहेर पाठवलेला. सायकल कंपनी बघू नका. आणि सल्लागाराने स्टोअर्समध्ये सलग दोन दिवस उभं राहायचं, ही अट करारात लिहून घ्या.

सपोर्टचा करार आम्ही गेल्या महिन्यात एका वर्षासाठी वाढवला. पॅकेज बदलायची ताकद आता कुणातच नाही. या वेळी मात्र दोन कलमं मी घालून घेतली : सायकल काउंट लगेच चालू करायचा, आणि जॉबवर्कचा स्क्रीन काकांच्या वहीवरून बनवायचा. परवा त्यांचा नवा मुलगा आला, वहीचे फोटो काढत होता. काकांनी त्याला आधी जिन्याखाली नेऊन तिथला माल मोजायला लावला. 214 कास्टिंगं निघाली. सिस्टिममध्ये 190 होती.